हवेतली कात्री

धाकटी दुकानाचं शटर वर करत होती, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. आज दुसऱ्या दुकानात जा, आत्ताच निघ, असं मॅडमने गोड आवाजात सांगितलं. मॅडमचा आवाज गोड झाला की ऐकणाऱ्याने सावध व्हावं, हे तिच्या हाताखालच्या सगळ्याजणी शिकल्या होत्या. मॅडमची केस कापायची दोन दुकानं. एक इथलं, चौकातलं. दुसरं शहराच्या पार त्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ. तिथल्या बाईचा हात मुरगळला होता आणि गिऱ्हाईकांना वेळा देऊन झाल्या होत्या. फक्त आजचा दिवस, मॅडम म्हणाली.

तिथली बाई म्हणजे धाकटीची सख्खी थोरली बहीण. मॅडमने हे मुद्दामच उच्चारलं नाही, कारण दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य तिला पुरतं ठाऊक होतं.

धाकटीने नाही म्हणून पाहिलं. आज माझीही गिऱ्हाईकं आहेत, आदल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, वगैरे. शेजारच्या खुर्चीवर काम करणारी कुरळी हे ऐकत होती. ती लगेच म्हणाली, तू जा की, तुझ्या बायका मी बघते. झालं, मॅडमनेही तेच ऐकलं आणि फोन ठेवला.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची खुर्ची खिडकीजवळची होती. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला सगळ्यात आधी दिसते ती हीच खुर्ची, आणि नवं गिऱ्हाईक आत शिरतं ते थेट तिच्याकडेच येतं. ती मिळवायला धाकटीने इतकी वर्षं तोंड दाबून काम केलं होतं. या धंद्यात गिऱ्हाईक हाताला चिकटलेलं असतं. एकदा दुसऱ्या हाताची सवय लागली की परत येत नाही. धाकटी आपल्या कात्र्या पिशवीत भरेपर्यंत कुरळीने स्वतःच्या कंगव्यांचा डबा उचलून हळूच खिडकीकडे सरकवला होता.

गिऱ्हाईक खुर्ची कशी बदलतं हे धाकटीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोघी बहिणी याच दुकानात शेजारीशेजारी उभ्या राहायच्या. थोरलीनेच तिला हातात कात्री धरायला शिकवलं. केसाला बोट कसं लावायचं, ओल्या केसाची लांबी कशी फसवते, कटकट्या बाईला कसं गप्प करायचं, सगळं तिचंच. "कापून झालं, आणि तरी बाई म्हणाली अजून थोडं, तर कात्री हवेत दोनदा वाजवायची," असं थोरली सांगायची. "आवाज कानाला पोचला की तिचं समाधान होतं. केसाला हात लावायचा नाही." मग एक दिवस थोरलीची जुनी गिऱ्हाईकबाई आली आणि सरळ धाकटीच्या खुर्चीत बसली. धाकटीने तिला उठवलं नाही. थोरलीने त्याच आठवड्यात लांबचं दुकान मागून घेतलं आणि जाताना, चोरटी कुठली, एवढंच म्हणाली.

बसभर धाकटी मनातल्या मनात भांडत होती. तिथे पोचली तर थोरली गल्ल्यामागे बसलेली, उजव्या मनगटाला जाड पट्टी. तिने वरपासून खालपर्यंत बहिणीला न्याहाळलं.

"दार ओढून घे," ती म्हणाली. "आणि बस त्या खुर्चीत. नागोबाला आयतं बीळ मिळालंय."

धाकटी म्हणाली, मला हौस नव्हती. थोरली म्हणाली, हौस नसणारीच माणसं बरोबर वेळेवर पोचतात. इतकं झाल्यावर दोघींनी एकमेकींशी बोलणं बंद केलं आणि गिऱ्हाईकांमार्फत सुरू केलं. थोरली बसल्या जागेवरून गिऱ्हाईकाला विचारायची, ताई, तुम्हाला इतके आखूड चालतात का हो? बाई घाबरून आरशात बघायची. धाकटी गिऱ्हाईकाला सांगायची, काळजी करू नका, काही जणींना लांबून नुसतं बघून कापता येतं. दुकान इतकंसं, दोन खुर्च्या, एक केस धुवायचं बेसिन, भिंतभर आरसा. त्या आरशात कुठेही बघितलं तरी थोरलीचा चेहरा होताच. तिच्या कात्र्या खणात कुलूपबंद होत्या. धाकटीने मागितल्याही नसत्या. खुर्ची उंच करायचा पायाखालचा दांडा अडकायचा आणि तो कसा दाबायचा हे थोरलीने सांगितलं नाही. धाकटीनेही विचारलं नाही, लाथ घातली.

त्यात थोरलीची गिऱ्हाईकं. एकजात सगळ्या धाकटीकडे बदली मास्तरणीकडे बघावं तशा बघत होत्या. एक शिक्षिका तर कापून झाल्यावर तीनतीनदा म्हणाली, डावीकडे अजून थोडं. डावीकडे काहीच उरलं नव्हतं. धाकटीने कात्री तिच्या कानाजवळ नेऊन हवेत दोनदा वाजवली. शिक्षिका खूष झाली. गल्ल्यामागून थोरली नाकातून हसली, आणि ते हसू ऐकून धाकटीला जास्तच राग आला, कारण क्षणभर तिलाही हसायला आलं होतं.

मग थोरली खाली पडलेला टॉवेल उचलायला वाकली आणि धाकटीला तिची मान दिसली.

या धंद्यात एक पंचाईत आहे, दुसऱ्यांच्या माना कोरणाऱ्या बाईला स्वतःची मान दिसत नाही. म्हणून एकीने दुसरीचे मागचे केस कापायचे, ही रीतच असते. दोघी बहिणी वर्षानुवर्षं एकमेकींची मान सरळ करत आल्या होत्या. भांडणानंतर धाकटीची मान कुरळी कापायची. थोरलीची कोण कापत होतं, ते आता कळलं. कुणीच नाही. दोन आरसे समोरासमोर धरून बाईसाहेबांनी स्वतःच कापले होते, आणि ते उंदराने कुरतडल्यासारखे पायऱ्यापायऱ्यांचे झाले होते. कानाखाली कात्रीचं टोक लागल्याची ताजी खूणही होती.

धाकटीला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगा, चांगला घसघशीत आनंद झाला. उतरली म्हणायची हिची मिजास. मग तिच्या डोक्यात आलं की थोरली रागात असली, घाईत असली, डोळे मिटून कापत असली तरी असं कापणार नाही. तिचा हात असा नव्हता. तो विचार तिने बाजूला ढकलला आणि पुढच्या बाईच्या डोक्याला रंग लावायला घेतला.

दोन्ही हात रंगाने बरबटलेले असताना तिचा फोन वाजला. मॅडम. थोरली उठली, फोन उचलला आणि धाकटीच्या कानाला लावून उभी राहिली. मॅडमचा आवाज मोठा, दोघींनाही ऐकू येत होता. मॅडमने विचारलं, खरं सांग, तिचा हात कसा आहे? गिऱ्हाईकांच्या तक्रारी येतायत, कुणी म्हणतं हिला आता कापता येत नाही. तसं असेल तर मला खुर्चीवर दुसरी बाई बसवावी लागेल, आणि तुझ्याशिवाय तिथे पाठवण्यासारखं माझ्याकडे कुणी नाही.

धाकटीच्या कानावर फोन टकटक आपटत होता. थोरलीने तो घट्ट दाबून धरला, तरी थांबेना. मुरगळला होता म्हणे उजवा, आणि हलत होता फोन धरलेला डावा. म्हणजे मुरगळलेलं काहीच नव्हतं. पट्टी नुसती लोकांसाठी होती.

खरं सांगितलं तर थोरलीची खुर्ची गेली, आणि त्या खुर्चीवर धाकटी कायमची. खोटं सांगितलं तर उद्या सकाळी आपली खिडकी. एवढं सगळं एका श्वासात तिच्या डोक्यातून गेलं.

"नुसता मुरगळलाय," धाकटी म्हणाली. "आठवडाभरात कात्री धरेल."

कानावरचा फोन निघून गेला. थोरलीने तो स्वतःच्या कानाला लावला होता.

"मॅडम, ही खोटं बोलतेय," ती शांतपणे म्हणाली. "हात मुरगळला नाही. थरथरतो. दोन्ही थरथरतात. मी गल्ला सांभाळते, खुर्चीवर हिलाच ठेवा. उद्यापासून."

मॅडमचा आवाज परत गोड झाला. रंग लावलेली बाई आरशातून दोघींकडे आळीपाळीने बघत होती, आणि तिच्या कपाळावरून रंग ओघळत होता तरी तिने पुसायला सांगितलं नाही.

शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत धाकटीने दात आवळून काम केलं. मधेच कुरळीचा निरोप आला. खिडकीजवळ मी बसते आता, तुझे राहिलेले टॉवेल पाठवू का? मॅडमने तिला कळवायला कधी नव्हे ती घाई केलेली दिसत होती. दुकान रिकामं झाल्यावर धाकटीने कंगवा आरशासमोर आपटला. मी तुला वाचवत होते आणि तू माझं वाटोळं केलंस, असं ती बरंच काही बोलली. थोरलीने गल्ला बंद केला.

"मला वाचवत होतीस की तुझी खिडकी?"

धाकटीने आपटलेला कंगवा उचलून धुवायला घेतला. दोन्हीतलं खरं कुठलं, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"गेल्या आठवड्यात एका बाईच्या कानाला टोक लागलं," थोरली म्हणाली. "रक्त आलं. तुझ्या त्या आठवडाभरात मी कुणाचा तरी डोळा फोडला असता. तू आपली तिकडे रस्ता बघत बसली असतीस."

मग ती उठून खुर्चीत जाऊन बसली. गळ्याभोवती कापड गुंडाळायला गेली, पण गाठ बसेना. धाकटीने ते कापड हिसकावून घेतलं, जरा जास्तच आवळून बांधलं आणि बहिणीची मान पुढे वाकवली. पायऱ्या एकेक करून सरळ केल्या.

थोरलीने मागचं बघायला हातआरसा उचलला. तो इतका हलत होता की त्यात मान दिसतच नव्हती. धाकटीने आरसा तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः धरला. थोरलीने बराच वेळ निरखून पाहिलं.

"डावीकडे अजून थोडं," ती म्हणाली.

डावीकडे काही उरलं नव्हतं. धाकटीने कात्री तिच्या कानाजवळ नेली आणि हवेत दोनदा वाजवली.

"आता बरोबर," थोरली म्हणाली.