रिकाम्या पोटाचं निमित्त

गाडी शिकवायच्या शाळेत तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे तोफ. हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचा थोडा तोराही होता. सकाळी ती काही न खाता निघायची. मग दिवसभर शिकाऊंच्या शेजारी बसून क्रीमची बिस्किटं आणि बाटलीतलं गोड पेय. दुपार झाली की डोकं भणभणायला लागे आणि जो हाताशी असेल त्याची खरडपट्टी निघे.

घड्याळवाले काका अशाच एका दुपारी तिच्या तावडीत सापडले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. बायकोचे गुडघे कामातून गेले, तिला दवाखान्यात न्यायला हवं, म्हणून साठी उलटल्यावर स्टिअरिंग धरलेलं. चौकात गाडी दोनदा बंद पडली, मागून हॉर्न वाजू लागले आणि हिचा तोल सुटला.

"या वयात नसते सोस कशाला? बायकोला टॅक्सीत घाला आणि घरी बसा."

काकांनी गाडी कडेला लावली, किल्ली तिच्या हातात ठेवली आणि चालत निघून गेले. पुन्हा शाळेत फिरकले नाहीत.

पुढे कधीतरी तिच्या थोरल्या बहिणीने, ती नर्स होती, हिचं दिवसभराचं खाणं ऐकून कपाळाला हात लावला. अशाने चिडचिड वाढू शकते, सगळ्यांचं सारखं नसतं, पण करून तर बघ, म्हणाली. मग डब्यात उकडलेली अंडी, फळं, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्यं येऊ लागली. हळूहळू झोप सुधारली, दुपारी आवाज चढेनासा झाला. शिकाऊ चक्क हसू लागले. आणि डोकं निवल्यावरच काका आठवायला लागले. जेवताना आपलंच ते बोलणं कानात वाजे आणि घास तोंडात फिरत राही.

शेवटी मनाचा हिय्या करून ती त्यांच्या दुकानात गेली. चुकलं, म्हणाली. पण तेवढ्यावर तिला थांबवेना.

"तेव्हा माझं खाणंच धड नव्हतं हो, काका. रिकाम्या पोटीच निघायचे, डोकं ठिकाणावर नसायचं."

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"असेल. पण त्याच रिकाम्या पोटी शाळेच्या मालकांवर कधी ओरडलात?"

मालक यायचे तेही दुपारचेच. त्यांच्यापुढे तिची जीभ कशी लोण्यासारखी मऊ व्हायची! तिची कानशिलं तापली.

"नाही," ती म्हणाली.

काकांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाले, पुतण्याने गाडी शिकवली, पण मागे घेणं अजून जमत नाही. गल्लीत उभी आहे, तेवढं दाखवाल का?

ती त्यांच्या शेजारी बसली. शाळेच्या गाडीसारखा या गाडीत तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक नव्हता. गाडी बंद पडली, पुन्हा पडली. दर खेपेला काका आधी तिच्या तोंडाकडे बघत, मगच किल्लीकडे हात नेत. घाबरू नका, एवढं म्हणायचाही तिला धीर होईना. शेवटी गाडी सरळ मागे गेली. तेव्हाही त्यांनी आधी तिच्याकडेच पाहिलं, आणि तिने मान खिडकीकडे फिरवली.