डावीकडून आलेली हाक

शनिवारी दुपारी नेरेइदा राजधानीहून आली तेव्हा तिचे वडील दारातल्या बदामाखाली डॉमिनो हरत होते. हरायला लागले की त्यांचा आवाज चढायचा, त्यामुळे कोपऱ्यावर बसमधून उतरतानाच तिला डावाची स्थिती कळली होती.

"आशीर्वाद, पापा."

"देव तुझं भलं करो, पोरी. इथं बस आणि या माणसाच्या हातांवर नजर ठेव. सोंगट्या मांडीखाली सरकवतोय."

"आशीर्वाद, पाद्रिनो."

"देव भलं करो," मेलानिओ म्हणाला. "बापाला पाचाच्या पुढं मोजता येत नाही, आणि चोर मी."

बाप्तिस्म्याच्या वेळी मेलानिओने तिला हातावर धरलं होतं, म्हणून तो तिचा पाद्रिनो, धर्मपिता. त्याच्या आधीपासून अकरा हिवाळे तो बेसबॉलच्या मैदानावर तिच्या वडिलांच्या शेजारी, लेफ्टफील्डमध्ये उभा राहिला होता. आता दोघंही सत्तरी ओलांडलेले. पण मेलानिओ अजून खुर्ची त्यांच्या त्याच बाजूला ओढायचा.

वडिलांचं नाव एल्यूतेरिओ फिप्स. सान पेद्रो गावात ते नाव फक्त टपालवाल्याला ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी ते बगळा. लांब पाय, पुढं झुकलेली मान, आणि सेंटरफील्डमध्ये तासन् तास एका पायावर भार टाकून उभं राहायची सवय. "आमचं काम सोपं," ते सांगत. "तीन तास उभं राहायचं आणि चार सेकंद पळायचं. पगार उभं राहण्याचा असतो. पळणं आपल्या हौसेचं."

मासेवाली आपली गाडी ढकलत रस्त्यावरून गेली. जाता जाता तिने मान न वळवता हाक घातली, "बगळ्या, माझा."

वडिलांनी सोंगट्यांवरून नजर न काढता दोन बोटं टोपीला लावली.

चौतीस वर्षं हे चाललं होतं. बेकरीच्या रांगेत, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, कुणी ना कुणी "माझा" म्हणायचं आणि ते टोपीला बोटं लावायचे. मेलानिओच्या मुलीच्या लग्नात नवरीने फुलांचा गुच्छ मागे फेकला, तेव्हा सगळं वऱ्हाड "माझा, माझा" म्हणत मागे सरलं आणि गुच्छ जमिनीवर पडला. सगळ्यांत जास्त हसले ते वडीलच. नेरेइदा तेव्हाही हसली नव्हती.

आईने ताटभर यानिकेके तळून आणले. मैद्याचे, पोळीएवढे, कडेला फुगलेले, बोटांना तेल लागेल असे. वडिलांनी एक मोडला, अर्धा लेकीला दिला, आणि खिशातून चेंडू काढला. त्यांच्या खिशात चेंडू असायचाच. शिवण उसवून गेलेला, चहाच्या रंगाचा.

"उठा दोघं. पाय मोकळे करा."

"माझे गुडघे गेलेत, बगळ्या."

"तुझे गुडघे होते कधी?"

त्यांनी बसल्या जागेवरून चेंडू उंच उडवला, बरोबर मेलानिओ आणि नेरेइदा यांच्या मधोमध. दोघंही दोन पावलं पुढं आले आणि थांबले. चेंडू धुळीत पडून बदामाच्या मुळापाशी गेला.

"कुणीच हाक मारत नाही," वडील म्हणाले. "हा म्हातारा झाला, समजू शकतो. तू का गप्प? लहानपणी पोटातून हाक यायची तुझी. समुद्रावरच्या होड्या वळून बघायच्या."

"आता चव्वेचाळीस गाठायला आली मी, पापा."

"एक्केचाळीस," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तेच ते."

नेरेइदाला वाटलं, आत्ता सांगावं. विद्यापीठात ती कादंबऱ्या शिकवायची. पात्रं गुन्हा कबूल करतात ती पानं तिला तोंडपाठ होती. त्यांवर प्रश्नपत्रिका काढून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिने चेंडू उचलला, स्कर्टला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. सांगू उद्या, जेवण झाल्यावर, असं तिने ठरवलं.

रविवारी सकाळी आईने कॉफी नेऊन ठेवली तेव्हा ते बदामाखालच्या खुर्चीत होते, टोपी नाकावर ओढलेली. कॉफी निवली तरी टोपी हलली नाही.

आता चौतीस वर्षांपूर्वीचं सांगायला हवं.

एल्यूतेरिओ फिप्स उसाच्या वस्तीत वाढले. पहिला ग्लव्ह दुधाच्या पुठ्ठ्याचा, आईने दुमडून शिवलेला. सतराव्या वर्षी उत्तरेकडच्या एका परदेशी संघाच्या माणसाने त्यांना पळताना पाहिलं आणि करारावर सही घेतली. मग वीस उन्हाळे ते तिकडच्या गावोगावच्या संघांतून, बसमध्ये झोपत, खेळले. मोठ्या लीगमध्ये त्यांच्या वाट्याला एकसष्ट सामने आले, आणि ते एकसष्ट सामने त्यांनी आयुष्यभर पुरवून पुरवून सांगितले. पण प्रत्येक हिवाळ्यात ते घरी येत आणि सान पेद्रोच्या 'खेकडे' नावाच्या संघातून खेळत. उत्तरेत ते यादीतलं एक नाव होते; इथं अख्ख्या गावाचा जीव त्यांच्या ग्लव्हमध्ये असायचा.

नेरेइदा, घरातली नेरी, चालायला लागली तेव्हापासून हिवाळ्यातल्या सकाळी ती आणि वडील किनाऱ्यावर जात. ते चेंडू आकाशात फेकत आणि दोघंही त्याखाली धावत. नियम एकच होता, मैदानावरचाच. जो आधी "माझा" म्हणेल त्याचा झेल. दुसऱ्याने तिथल्या तिथं थांबायचं, वाट द्यायची, वाद घालायचा नाही. एकमेकांवर आदळून दात पाडून घेण्यापेक्षा हे बरं. मोठेपणाचा मान घरात, चेंडूखाली नाही. पाच वर्षांची पोर पोटातून ओरडायची आणि सव्वासहा फुटांचा बाप जागच्या जागी थांबायचा. ती बहुतेक झेल सोडायची. तरी ते थांबायचे.

तो जानेवारीतला रविवार, अंतिम सामना, समोर राजधानीचा संघ. वडील सदतिसावं संपवत होते आणि हा शेवटचा हिवाळा हे सगळ्यांना माहीत होतं. सात वर्षांची नेरी मैदानाच्या टोकाला, डावीकडच्या कुंपणालगत पहिल्या बाकावर आईच्या शेजारी उभी होती, हातात ऊस. खेकडे एका धावेने पुढं होते. एकच गडी बाद व्हायचा राहिला होता. फटका उंच गेला, डावीकडे, बापाच्या आणि मेलानिओच्या मधल्या रिकाम्या जागेकडे. बारा हजार माणसांनी श्वास रोखला आणि मैदान एकदम शांत झालं.

चेंडू सरळ तिच्याच दिशेने येत होता. खाली बाप धावत होता. रोज सकाळी असंच असायचं. तिने ऊस टाकला, दोन्ही हात वर केले आणि पोटातून ओरडली, "माझा."

वडील थांबले. हात खाली घेऊन एक पाऊल मागे सरले. मेलानिओनेही हाक ऐकली. ती बगळ्याची समजून तोही थांबला. चेंडू दोघांच्या मध्ये गवतावर पडला, दोन धावा झाल्या, आणि राजधानीवाल्यांनी मैदानभर उड्या मारल्या.

आई तेव्हा डोळे मिटून प्रार्थना करत होती. आजूबाजूचे सगळे चेंडूकडे बघत होते. कुणालाही कळलं नाही. वडील घरी आले तेव्हा नेरी पलंगाखाली होती. त्यांनी तिला पाय धरून बाहेर ओढलं आणि म्हणाले, "भूक लागलीय. चल, यानिकेके खाऊ." दोघांनी समुद्राकडे बघत चार-चार खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चेंडू घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा ती पोट दुखतंय म्हणाली. त्यानंतर तिने कधी हाक मारली नाही.

वर्तमानपत्रवाल्यांना त्यांनी एवढंच सांगितलं होतं: "मला हाक ऐकू आली." पुढचं गावाने रचलं. कुणी म्हणालं देवदूताने हाक मारली, कुणी म्हणालं राजधानीवाल्यांनी पोपट शिकवून आणला होता. बऱ्याच जणांनी बोट मेलानिओकडे दाखवलं.

वडील गेल्याच्या नवव्या दिवशी दुपारी गाव अंगणात जमलं. आतल्या टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, त्यांचा फोटो, आणि फोटोपुढं तो चहाच्या रंगाचा चेंडू. बायकांची माळ जपून झाली, आल्याचा चहा फिरला, भात आणि बोकडाचं मटण वाढलं गेलं. मग बदामाखालून हसण्याचे आवाज यायला लागले. एकसष्ट सामन्यांची उजळणी झाली. नवव्या सामन्यात कुंपणावर चढून घेतलेल्या झेलाची उंची दर सांगणाऱ्यागणिक वाढत गेली. मासेवालीने डोळे पुसत, नाक शिंकरत सांगितलं की गेला आठवडाभर ती सवयीने इथं हाक मारते आणि मग रिकाम्या खुर्चीला म्हणते, माफ कर बाबा.

"मेलानिओ, आता तरी कबूल कर," न्हावी म्हणाला. "बगळा गेला. आता कुणाची भीती? हाक तूच मारलीस."

"मी नाही."

"मग कुणी, पोपटाने?"

मेलानिओने चहाचा पेला गुडघ्यावर ठेवला. "त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. म्हटलं, हाक मारून सोडलास का? तर म्हणाला, मी नाही मारली. म्हटलं, मग तुला काय ऐकू आलं? हा बूट काढत बसलेला. वर बघून हसला. अख्खं गाव रडत होतं आणि हा हसत होता. म्हणाला, 'मेलानिओ, हाक अगदी वेळेवर होती रे. पोटातून आलेली. एवढी सुरेख हाक आल्यावर माणसाने बाजूला व्हायचं नाही तर काय करायचं?' मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मी परत विचारलं तर म्हणाला, 'दोष माझ्या नावावर लिही. आवाजाचं विचारू नकोस.' मी पुढं कधी विचारलं नाही."

माणसं पुन्हा हसली. "डोकं तर फिरलेलंच होतं," कुणीतरी म्हणालं.

नेरेइदा दारात कॉफीचं तबक घेऊन उभी होती. पोटातून. तिने तबक जवळच्या खुर्चीवर ठेवलं. ती वडिलांची खुर्ची होती, नऊ दिवसांत तिच्यावर कुणी काही ठेवलं नव्हतं. चौतीस वर्षं हा माणूस टोपीला बोटं लावत होता, आणि ती इतकी वर्षं समजत होती की तो अपमान गिळतोय.

तिने आत जाऊन फोटोपुढचा चेंडू आणला. अंगणाच्या मधोमध आली आणि तो वर फेकला, बदामाच्या फांद्यांच्याही वर. मेलानिओ सवयीने उठला, गुडघे विसरून.

"माझा," ती ओरडली.

मासेवाली दचकली. आई दारात आली. मेलानिओ जागच्या जागी थांबला, हात खाली घेतले आणि एक पाऊल मागे सरला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

चेंडू तिच्या दोन्ही हातांत येऊन बसला. तळवे चुरचुरले. ती रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"आशीर्वाद, पापा," नेरेइदा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्या दिवशी कुंपणाजवळून हाक मी मारली होती."