अडकलेला व्हॉल्व्ह

निवृत्त पोस्टमास्तरांची जुनी गाडी सिग्नलला थांबली की थरथरून बंद पडायची. दोन गॅरेजवाल्यांनी प्लग बदलून हात टेकले होते. तिसऱ्या गॅरेजातल्या मेकॅनिकबाईंनी चालू इंजिनाला कान लावला. मग थोडा धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह खोलून त्यांना दाखवला. काजळी साचून तो उघडाच अडकला होता.

"साफ करून चालेल का?"

"आतली स्प्रिंगच गेलीय, काका. नवाच टाकते."

काम तासाभराचं होतं. पोस्टमास्तर स्टुलावर बसून बोलत राहिले. बायको गेल्याचं, मुलीचा फोन फक्त रविवारी येतो त्याचं. बाई बोल्ट आवळता आवळता हुंकार देत होत्या. गाडी सुरू केली, तर थरथर पार थांबली होती.

"आता परत कधी दाखवायला आणू?"

"कशाला? आता पाच-सहा वर्षं बघायला नको."

पोस्टमास्तरांनी मान हलवली. ते गाडीत जाऊन बसले, पण गिअर टाकेनात. बाई हात पुसत खिडकीशी आल्या.

"शनिवारी एकदा आवाज ऐकवून जा."

शनिवारी गॅरेज उघडायच्या आधीच ते दारात येऊन थांबले होते. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.