सव्वीस मिनिटं

बंगळुरूजवळच्या होसकोटेच्या पंपांच्या कारखान्यात विश्वासरावांनी एकवीस वर्षं काढली होती. त्यांच्याच शब्दावर त्यांची लेक संयोगिता तिथं इंजिनियर म्हणून लागली. बापानं लेकीला आत घेतलं आणि लेकीनं बापाला... पण थांबा, क्रमानंच सांगायला हवं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. तयार पंप बाहेर पडायला तीन-तीन दिवस लागत, दुकानदार फोनवर खेकसत. विभागप्रमुख सुधींद्र साहेबांनी संयोगिताला बोलावलं. "माल कुठं अडतो ते शोध. घड्याळ घे, प्रत्येक टेबलापाशी उभी राहा, मिनिटं लिही." पोरगी नवी, अंगात हुरूप. वाइंडिंगला काही अडत नव्हतं, जोडणीला नव्हतं. चाचणीच्या बाकापाशी मात्र दुपारी पंपांचा हा ढीग! आणि बाकावर कोण, तर तिचे अण्णाच, विश्वासराव.

"अण्णा, उद्यापासून मी तुमच्यापाशी उभी राहणार," जेवताना ती म्हणाली.

"सरी, चालेल, ये की!" विश्वासरावांना कोण आनंद! लेक आपलं काम शिकायला येतीय, असं त्यांनी बायकोला, राजलक्ष्मीबाईंना, दोनदा सांगितलं.

तीन दुपारी ती उभी राहिली. अण्णा पंप चालू करायचे, दाब बघायचे, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि आतली घरघर ऐकायचे. मग पंप बंद. "स्वल्प थांब हं," म्हणून पुन्हा चालू, पुन्हा कान. संयोगिता काट्याकडे बघत लिहीत गेली. एका पंपाला सव्वीस मिनिटं.

ढीग जिथं दिसतो तिथंच दुखणं, असं धरून तिनं अहवाल लिहिला: प्रत्येक पंप तपासण्याची गरज नाही, दहातला एक पुरे. अण्णांचंही काम हलकं होईल, असं तिला मनापासून वाटलं होतं. अहो, केलं तुका आणि झालं माका! साहेब खूश झाले. दहातला एक पंप काय, जोडणीवाला कोणीही तपासेल, असं वरच्यांनी ठरवलं आणि महिन्याभरात विश्वासरावांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचं पत्र पडलं. स्वेच्छा कसली डोंबलाची! माणूस जेमतेम एक्कावन्न वर्षांचा.

"सव्वीस मिनिटं कुणी लिहिली गं?" संध्याकाळी पत्र वाचत त्यांनी विचारलं. "अकरा मिनिटांत उरकतो मी."

"मी मोजली, अण्णा. तुमच्यासमोर."

"अगं, ते तुला दाखवत होतो मी!" अण्णा हसायला गेले, पण हसू काही फुटलं नाही. "एकेक गोष्ट दोनदा केली. माझ्या लेकीच्या कागदात काही राहून जायला नको म्हणून."

संयोगितानं विचारलं, "मग तो ढीग?"

"ओतीव भाग उशिरा येतात, जोडणी उशिरा होते. सकाळी अकरा वाजेपर्यंत मी नुसता बसून असतो. नंतर सगळे पंप एकदम अंगावर."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू सकाळी कधी आलीस? आणि विचारलंस कधी?"

खरंच की. तिनं मिनिटं विचारली होती घड्याळाला, माणसाला काही विचारलंच नव्हतं. तिला स्वतःची शिसारी आली. "उद्या साहेबांना सांगते," ती रडत म्हणाली. "आकडा चुकलाय म्हणून."

"काही सांगायचं नाही!" एवढ्या वर्षांत अण्णा तिच्यावर पहिल्यांदा ओरडले. "तू अजून कायम नाहीस. बापाला वाचवायला आकडा फिरवला म्हणतील. मग दोघंही घरी बसू. एकानं बसलेलं पुरे."

तरी सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेलीच. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, कॉफी मागवली. "छान काम केलंस. पुढच्या महिन्यात तुला कायम करतोय. बोल, काय म्हणत होतीस?"

समोर कॉफी आली. तिनं कप जवळ ओढला.

"काही नाही सर," ती म्हणाली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच अण्णांनी विचारलं, "बोलली नाहीस ना?"

"नाही."

"शहाणी गं माझी," ते म्हणाले, आणि बायकोला तिचं पान वाढायला सांगितलं.