इलोनाची चिल्लर

लहानूच्या भाजीच्या गाड्यावर रुख्मिणीबाई आता स्वतःच मोबाइल धरतात, आकडा टाकतात आणि पैसे गेल्याचा आवाज आला की पिशवी उचलतात. लहानू मात्र दर खेपेला विचारतो, "मावशी, तुमची गोरी पोरगी पुन्हा कधी येऊन राहिली?" रुख्मिणीबाई नुसत्या हसतात. मग घरापर्यंतचा रस्ता त्यांना लांब वाटतो.

इलोना हंगेरीची. घरांची बांधणी शिकणारी. दोन कॉलेजांमधल्या अदलाबदलीत एका सत्रापुरती नागपुरात आली आणि नंदनवनात रुख्मिणीबाईंच्या वरच्या खोलीत राहिली. धंतोलीतल्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेल्या रुख्मिणीबाई घरात एकट्याच. लेक भूमिका पुण्याला नोकरीला.

पहिल्याच आठवड्यात इलोना रडकुंडीला येऊन परतली. तिच्या देशातलं कार्ड एटीएममध्ये घातलं की दर वेळी शुल्काची कापाकापी व्हायची, म्हणून ती एकदम मोठी रक्कम काढायची. पण पाचशेची नोट दाखवली की टपरीवाला हात जोडायचा, "चिल्लर नाही मॅडम, स्कॅन करा." स्कॅन करायला इथलं खातं हवं आणि खात्याचे कागद बँकेत अडकलेले. पाकीट फुगलेलं असून पोरगी सीताबर्डीवर चहावाचून फिरत होती.

इकडे रुख्मिणीबाईंच्या मोबाइलमध्ये भूमिकाने ती सोय केव्हाच करून दिली होती. पण एक बटन चुकलं तर साठवलेलं सारं जाईल, या धास्तीने त्यांनी तिला हातच लावला नव्हता. म्हणजे एकीकडे खातं होतं पण धीर नव्हता, दुसरीकडे धीर होता पण खातं नव्हतं.

मग इलोना आणि तिच्या या काकू मिळूनच बाजारात जाऊ लागल्या. मोबाइल काकूंचा, शिकवणी इलोनाची, आणि खर्चाची रोकड ती घरी आल्यावर काकूंच्या हातात ठेवायची. "आधी नाव वाचा, मग पैसे," ती हिंदी-मराठीची खिचडी करून सांगायची. काकू पदराआड गुप्त आकडे दाबायच्या, तोवर इलोना इमानदारीने पाठ फिरवून उभी राहायची. दसऱ्यापर्यंत काकूंची भीती पार गेली. इलोनाही अख्खा ऑटो न करता सीटवर जायला शिकली आणि एकदा संत्रेवाल्याला म्हणाली, "भाऊ, जास्त लावून राहिले तुम्ही!" त्या माणसाने हसत हसत दोन संत्री वर घातली.

दिवाळीनंतर तिची शिष्यवृत्ती अडकली. ती बोलली नाही, फक्त खाली जेवायला यायची थांबली. विचारलं तर कधी अभ्यासाचं सांगायची, कधी "मैत्रिणीकडे जेवले" म्हणायची. शेवटी रुख्मिणीबाई जिना चढून वर गेल्या. खिडकीत बिस्किटांचे पुडे आणि काळी पडलेली केळी.

"काहून वं, खाली काहून येऊन नाही राहिली?"

इलोनाने मान खाली घातली. "काकू, पैसे नाही आले. तुम्ही जेवणाचे पैसे घेत नाही. मला बरं नाही वाटत."

रुख्मिणीबाईंना राग आला होता, पण तो गळ्यातच विरला. त्या तिच्या कॉटवर बसल्या. खेड्यातून नर्सिंगला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट, जी त्यांनी भूमिकालाही कधी सांगितली नव्हती, ती या परक्या पोरीला सांगितली. घरून मनीऑर्डर आली नाही आणि मेसमध्ये पैसे थकलेल्यांच्या यादीत नाव लागलं, तेव्हा त्या मैत्रिणींना उपास आहे म्हणून सांगायच्या. सोमवार झाला, मंगळवार झाला, सगळे देव संपले.

"तवा मले कोणीच नाही इचारलं, पोरी. म्हणून मी तुले इचारून राहिली. चाल, पोळ्या थंड होऊन राहिल्या."

इलोना रडली, मग जेवली, दोन पोळ्या जास्तच. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तिच्या देशात बटाट्याचा लाल रस्सा करतात. तिने रंगाकडे बघून डब्यातली भिवापुरी मिरची सढळ हाताने घातली. तिकडची मिरची नुसती रंगाची आणि ही भिवापूरची! पहिल्या घासाला दोघींच्या डोळ्यांतून धारा. पण पातेलं त्यांनी रिकामं केलंच.

पैसे पुढे आले. थंडी पडली आणि इलोना गेली. विमानतळावर तिला संत्रा बर्फीचा डबा देताना काकूंना बोलायचं होतं खूप, पण "पोचली का फोन कर" एवढंच निघालं.

परवा खोल्या लावून देणाऱ्या अंकुशचा फोन आला. बँकेतले एक साहेब खोली बघायला तयार होते आणि भाडंही चांगलं देणार होते. भूमिकाही म्हणाली, देऊन टाक.

"थांब जरा," रुख्मिणीबाई अंकुशला म्हणाल्या. "कॉलेजात बाहेरदेशाचं कोणतं लेकरू येऊन राहिलं का, ते पाह्य आधी."

"काकू, ते लोक भाडं कमी देतात."

"देऊ दे. पण मले आधी सांगजो."

फोन ठेवून त्या वरच्या खोलीत गेल्या, तिथली गादी ओढत गच्चीवर नेली आणि उन्हात टाकली.