निर्णय व्हायचा आहे

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत ती बसायची, म्हणून गावाने तिचं नावच ‘चौकशी’ ठेवलं होतं. नाव चेष्टेचं, पण त्यात मान होता. फलकावर काहीही लिहिलेलं असो, भोंगा काहीही ओरडो, लोक खिडकीशी वाकून तिलाच विचारायचे, “येणार का गं गाडी?” ती “नाही येत, घरी जा” म्हणाली की माणूस मुकाट्याने पिशवी उचलून चालू लागायचा. गाडी न आल्याबद्दल तिने पोतंभर शिव्या खाल्ल्या, पण खोटी आशा लावली असं तिला कुणी कधी म्हटलं नाही. पुढे खिडकीच्या जागी एक यंत्र बसलं आणि चौकशी घरी बसली.

बायपासवाल्यांनी तिला हुडकून काढलं ते उगाच नव्हे. त्यांची मोजणीची जीप पलीकडच्या वस्तीने दोनदा पिटाळून लावली होती. दुसऱ्यांदा तर काच फोडून. शाळा, दवाखाना, बाजार सगळं गावात, आणि वस्ती एका पायवाटेच्या पलीकडे. त्या पायवाटेला आडवा, दोन पुरुष उंचीच्या भरावावरून चौपदरी रस्ता जाणार होता. वस्तीला कंपनीचा माणूस नको होता. म्हणून कंपनीने वस्तीचाच माणूस घेतला. चौकशी वस्तीत लहानाची मोठी झाली होती, लग्नानंतर गावात आली होती.

तिला एक पत्र्याची खोली मिळाली, एक पंखा मिळाला, टेबलावर काचेखाली रस्त्याची छोटी प्रतिकृती मिळाली. तीत खेळण्यातल्या गाड्या होत्या आणि हिरव्या कापसाची झाडं. काम एकच, लोकांना सांगायचं. आज कुठला रस्ता बंद, उद्या कुठे सुरुंग लागणार, पाण्याची वाहिनी कधी तोडणार आणि कधी जोडणार. ती दारोदार फिरायची. जोडणी लांबली तर कंपनीच्या साहेबांच्या डोक्यावर बसून पाण्याची सोय करायची. धूळ उडते म्हणून बायकांनी ओरड केली, तेव्हा पाणी मारायला टँकर लागला. तो टँकर तिच्या नवऱ्याचाच होता. गावात दोन दिवस कुजबुज झाली, पण धूळ बसली तशी कुजबुजही बसली.

वस्तीचा प्रश्न मात्र एकच होता. “आमचा बोगदा?”

पायवाटेवर, भरावाच्या पोटातून, माणसं आणि दुचाक्या जातील एवढा बोगदा नकाशात होता. प्रतिकृतीतही होता, करंगळी जाईल एवढा. चौकशी काचेवर बोट ठेवून दाखवायची, “हा बघा.”

सगळ्यांनी मानलं असं नाही. माती टाकायला पहिले डंपर आले तेव्हा बायका यंत्रांपुढे ठाण मांडून बसल्या. त्यांना उठवलं ते चौकशीने नव्हे, तिच्या आत्याने. आत्या म्हणजे तिची आईच म्हणा ना. आई गेल्यावर हिनेच तिला पदराखाली घेतलं, वाढवलं, लग्न लावून दिलं. तोंडाने फटकळ, पण वस्तीत तिचा शब्द खाली पडत नसे. रोज दुपारी ती पायवाटेने भाचीच्या घरी यायची, चहा प्यायची, चहाला नावं ठेवायची आणि ऊन उतरलं की परत जायची.

“उठा गं,” आत्या यंत्रांपुढच्या बायकांना म्हणाली. “बोगदा आहे असं माझी पोर सांगतेय. ती कंपनीचा पगार घेत असेल, पण खोटं तिच्या रक्तात नाही. बोगदा झाला नाही तर माझ्या तोंडात शेण घाला.”

बायका उठल्या. डंपर पुढे गेले.

पावसाळा सरला आणि भराव चढू लागला. एका सकाळी चौकशी पायवाटेच्या जागी गेली तर तिथे मुरूम पसरलेला आणि त्यावरून रोलर फिरत होता. बोगद्यासाठी ना खड्डा, ना सळई. सावलीत उभा राहून केळं खात असलेल्या इंजिनिअरला तिने विचारलं.

“इथला ना? तो सरकला,” तो म्हणाला. “दगडखाणीकडे.”

“खाणीकडे? अहो, तिथे कोण राहतं?”

“खाणीचे ट्रक जातात ना, ताई.” त्याने साल भिरकावली. “वरून आलंय. तुम्हाला सांगितलं नाही?”

खाण म्हणजे वस्तीपासून चालत अर्धा तास, आणि पलीकडून गावाकडे तेवढंच पुन्हा उलटं. ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब कधी आवाज चढवत नसत. त्यांनी तिला बसवलं, पाणी मागवलं.

“तुम्हाला खोटं बोला असं मी कधी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “कुणी विचारलं तर एवढंच सांगा, निर्णय व्हायचा आहे. आणि ते खरंच आहे. शेवटची सही अजून झालेली नाही.”

“सही कधी होणार?”

“लोकांच्या हरकती घ्यायची मुदत संपली की लगेच.” मग म्हणाले, “तुमच्या यजमानांचा टँकर पुढच्या टप्प्यालाही ठेवावा म्हणतोय मी.”

चौकशी बाहेर आली. भांडण तिच्या ओठांवर आलं होतं, पण ओठांवरच राहिलं. सही झालेली नाही म्हणजे अजून काही होऊ शकतं, अशी तिने मनाची समजूत घातली. बुडणाऱ्याला काडी पुरते. तिला अर्धी पुरली. त्या आठवड्यात ती घरोघर “निर्णय व्हायचा आहे” म्हणत फिरली. वाक्य जिभेवर बसलं. त्याला ना चव होती ना वास.

वस्तीत एक शिंपी होता, कात्रीसारखाच धारदार. तो सगळ्यांच्या सह्या घेऊन हरकत नोंदवायला निघाला होता. त्या दुपारी आत्या भाचीकडे आली ती चपला काढायच्या आतच बोलू लागली.

“शिंपी म्हणतो, बोगदा गेला. मी त्याला म्हटलं, थांब, आधी घरात विचारते. आता कंपनी बाजूला ठेव आणि मला सांग. गेला का?”

चौकशी ओट्याशी पाठमोरी उभी होती. चहा उकळत होता. नवरा बाहेर टँकर धूत होता, त्याची शीळ ऐकू येत होती.

“निर्णय व्हायचाय अजून, आत्या.”

“म्हणजे गेला नाही?”

“व्हायचाय निर्णय.”

“बरं,” आत्या म्हणाली, आणि भाचीच्या शब्दावर टेकून आरामात बसली. “मग सांगते शिंप्याला, उगाच सरकारशी वाकडं घेऊ नकोस. चहात साखर कमी आहे.”

आत्याने सांगितलं तसं वस्तीने ऐकलं. निम्म्यांनी सह्या मागे घेतल्या, शिंपी एकटा पडला आणि संतापून घरी बसला. मुदत आली आणि गेली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी चौकशीच्या टेबलावर नव्या पत्रकांचा गठ्ठा ठेवला. बोगदा खाणीजवळ, ‘नागरिकांच्या अधिक सोयीसाठी’.

“शाळेत सभा लावा,” साहेब म्हणाले. “तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात.”

तेव्हा तिला आपली नोकरी काय होती ते कळलं. तिला सांगण्यासाठी ठेवलंच नव्हतं. लोकांना थोपवण्यासाठी ठेवलं होतं, आणि ते काम तिने चोख केलं होतं.

सभेला सगळी वस्ती आली. आत्या पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून. चौकशीने पत्रक बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं. बोगदा गेला. तो खाणीच्या ट्रकांसाठी नेला. तुमच्या सोयीचं त्यात काही नाही, जे छापलंय ते खोटं आहे. मागे बसलेला कंपनीचा माणूस फोन कानाला लावून बाहेर पळाला.

तिला वाटलं होतं आरडाओरडा होईल. झाला नाही. शिंपी उठला.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

चौकशीची नजर पहिल्या रांगेकडे, आत्याकडे गेली.

“मुदतीच्या आधीपासून?”

तिने होय म्हणून मान हलवली.

शिंपी तिच्याशी पुढे बोललाच नाही. तो आत्याकडे वळला. “घे, म्हातारे. तुझी पोर.”

कुणीतरी हसलं. आत्या उठली, खुर्चीच्या पाठीचा आधार घेत एकटीच दारापर्यंत गेली. तिला हात द्यायला कुणी पुढे झालं नाही.

कंपनीने चौकशीला त्याच संध्याकाळी काढलं आणि टँकर सकाळी बंद केला. नवरा दिवसभर उभा टँकर धूत राहिला. जेवताना म्हणाला, “खरं सांगायचं होतं तर आधी सांगायचंस. नाहीतर शेवटपर्यंत गप्प बसायचंस. तू बरोबर अशा वेळी बोललीस की कुणाच्याच कामाचं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.” त्याच्या बोलण्यात राग असता तर तिने भांडून घेतलं असतं. तो नुसता हिशेबाचं बोलत होता, आणि ते बरोबर होतं.

वस्तीतल्या लोकांना नोकरी गेल्याचं कळलं, पण कुणाला हळहळ वाटली नाही. नाटक असेल, म्हणाले. दुसऱ्या गावी बदली करून घेतली असेल.

भराव पुरा झाला. वर डांबर पडलं, कठडे लागले, गाड्या सुरू झाल्या. धडधाकट माणसं भराव चढून, कठडा ओलांडून, जीव मुठीत धरून पलीकडे जात. आत्याच्याने ते होणार नव्हतं. तिच्या दुपारच्या फेऱ्या थांबल्या. ती येत नव्हती ती गुडघ्यांमुळे की मनामुळे, हे चौकशीला कळेना. शेवटी ती खाणीकडून वळसा घालून, ट्रकांच्या धुळीतून, स्वतःच आत्याकडे गेली.

आत्या ओसरीत तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं.

“या,” ती म्हणाली. “बसा.”

चौकशीला वाटलं मागे आणखी कुणी आलंय. तिने वळून बघितलं. कुणी नव्हतं.

“आत्या, असं काय गं करतेस?”

“असं म्हणजे कसं?” आत्याने आत जाऊन पाणी आणलं, तांब्याभांड्यात, पाहुण्याला देतात तसं. “लांबून आलात. पाणी घ्या.”

“माझं चुकलं, आत्या. मला शिव्या दे. पण अशी नको बोलूस.”

आत्या पुन्हा ताटापुढे बसली. तिची बोटं दाण्यांतून फिरू लागली.

“वस्तीला खोटं सांगितलं असतं ना, तर मी पोटात घातलं असतं,” ती म्हणाली. “पोटासाठी माणूस करतो. पण मी घरात येऊन विचारलं. कंपनी बाजूला ठेव म्हटलं. तेव्हाही मला कंपनीचंच वाक्य ऐकवलं. मग मी तरी कोण? वस्तीतली एक बाई.” तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. “वस्तीतल्या बाईने कंपनीच्या बाईंशी बोलावं तसं बोलतेय. त्यात चुकलं काय?”

भरावावरून एक ट्रक गेला आणि ओसरीतली भांडी किणकिणली. चौकशी पाणी प्यायली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळाने ती उठली.

“येते मी,” ती म्हणाली.

आत्याने मान वर केली नाही.

“जाताना फाटक ओढून घ्या,” ती म्हणाली. “कुत्री शिरतात.”