पट्टीखालचा धागा

"दिसतोय म्हटलं की दिसतोच मेला," धाकटी माझ्या कानाशी पुटपुटली. आम्ही दोघी बहिणी एकाच खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या टेकलो होतो. दुसरीवर तिचे सर होते आणि तिसरीवर कागद. त्यांच्या संशोधन संस्थेतली वीज गेली म्हणून सगळा कारभार आमच्या जेवणाच्या टेबलावर आला होता.

पडद्यावर राखाडी चित्र. दोन ठिपके म्हणजे दोन दीर्घिका, विश्व पोरवयात होतं तेव्हाच्या, आणि त्यांच्यामध्ये वायूचा फिकट धागा. त्याच्या जोरावर धाकटीला दुर्बिणीवर पुढचा वेळ मिळणार होता. चित्र संध्याकाळपर्यंत पाठवायचं. नाही गेलं, तर वेळ दुसऱ्याला आणि हिची मेहनत पाण्यात.

आकाशाचा स्वतःचा उजेड धाग्याहून कितीतरी जास्त. म्हणून तो मोजून चित्रातून वजा करतात. धागाही त्याच्यासोबत वजा होऊ नये, यासाठी मोजताना त्याची जागा पट्टीने झाकून ठेवतात; तेवढ्या भागातला उजेड मोजणीत येत नाही, त्यामुळे तो कमी वजा होऊ शकतो. ही पट्टी सरांनी स्वतः आखली होती, मोठ्या हौसेने.

सकाळी धाकटीने सहज तशीच पट्टी रिकाम्या आकाशावर ठेवली. तिथेही धागा उगवला.

"योगायोग असेल," सर म्हणाले.

"असेल," धाकटी म्हणाली. लहानपणी आम्ही जिला शंकासूर म्हणायचो, ती हीच.

तिने पट्टी कोपऱ्यात तिरकी ठेवली. तिरका धागा आला. मग पट्ट्या सगळ्या काढल्या. ठिपक्यांच्या मध्ये काहीतरी धूसर उरलं. माझ्या बाजूने बघितलं तर होतं, सरांच्या बाजूने नव्हतं. मग उलट.

"ताई, तुम्हाला काय दिसतंय?" सरांनी मला विचारलं.

"चष्म्यावरचा डाग," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. चष्मा पुसला, तर डाग गेला आणि धूसर काहीतरी राहिलं. की आधीपासूनच होतं? डोकं पार भंजाळलं.

"रंग जरा गडद करूया," सर म्हणाले.

"करूया ना."

"चहा टाकू?" मी विचारलं.

"टाका, टाका," दोघं एकदम म्हणाले, जणू चहाने काही ठरणार होतं.

चहा आला, निवला. सरांनी चित्र गडद केलं, मग फिकट, मग पुन्हा गडद. "छान दिसतोय हं," ते म्हणाले, पण पडद्याकडे न बघता. धाकटीने पाठवायचं बटण शोधलं, बोट त्यावर नेलं आणि तसंच अधांतरी धरलं.

"काय गं?" सरांनी विचारलं, इतक्या हळू की त्यांना उत्तर नकोच असावं.

तिने बोट मागे घेतलं.

"सर, आपण पट्टी ठेवली म्हणून धागा दिसतोय. खाली खरंच काही आहे का, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."